वेळासची कासवं आणि मध्ये आलेला सहलवाला

कोकण किनाऱ्यावरच्या वेळास गावाहून येऊन महिना झाला, तरी त्या बुकिंगचा राग जात नाही.

मार्चअखेर कासवाची पिल्लं बघायची आणि गावातल्याच एखाद्या घरी उतरायचं, एवढाच बेत. घाईत होतो म्हणून पुण्यातल्या एका सहलवाल्याकडे चौघांचे पूर्ण पैसे भरले. "पिल्लं शंभर टक्के दिसणार," म्हणाला. तेव्हाच उठायला हवं होतं. इथं येणाऱ्या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची अंडी फुटायला साधारण 45 ते 55 दिवस लागतात, वाळूच्या उबेवर ते पुढेमागे होतं. याची हमी कोण देणार? मग अकरा दिवस एकच पाढा. कुठल्या घरी उतरायचं? "आज सांगतो." नंबर तरी द्या. "थेट फोन करायचा नसतो." शेवटी ओळखीतून गावातल्या एका काकूंचा नंबर काढला. दोन दिवस रेंजच मिळेना. रात्री आठला फोन लागला (संध्याकाळी सगळे किनाऱ्यावर असतात, तेव्हा रात्रीच करा). "तुमच्या नावाचं कुणी काहीच कळवलं नाही हो. शनिवारी घर भरलंय. सोमवारी या, करते सोय." पाच मिनिटांत काम झालं! रजा तेवढी बदलावी लागली.

पैशांपेक्षा दुसरंच मनाला लागलं. पूर्वी इथली अंडी माणसं उकरून न्यायची, उरलेली कोल्ही-कुत्री खायची. 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखली. पाहुणा घरी उतरतो, त्याचे चार पैसे त्या घराला मिळतात, म्हणून गावाला कासव आपलं वाटतं. त्यातच कुणी हात घालावा?

सोमवारी संध्याकाळी घरट्यावर झाकलेली टोपली उचलली, खाली नुसती वाळू. मुलगी रडवेली झाली. मंगळवारी सकाळी सातला सतरा पिल्लं! दोरीमागे उभं राहून शेवटचं पिल्लू लाटेत शिरेपर्यंत कुणी बोललं नाही. म्हणून सांगतो, एक तरी मुक्काम कराच. फ्लॅश मारू नका. रोख पैसे न्या. हरिहरेश्वरकडून येत असाल तर बागमांडला-वेसवी फेरीबोटीची वेळ आधी विचारा.

काकूंच्या हातचे उकडीचे मोदक खाऊन निघालो. सहलवाल्यानं निम्मे पैसे परत केलेत. उरलेल्यांसाठी आजही फोन केला.