एआयचं रामकुंड आणि आठवीचा लाल पेन

चित्रकलेच्या तासाला मी एआयची चित्रं वापरते हे कळल्यापासून स्टाफरूममध्ये रोज कोणीतरी विषय काढतंच. एक पार्टी म्हणते मॅडम तुम्ही स्वतःच्याच पोटावर पाय देताय, दुसरी पार्टी म्हणते मॅडम मग गॅदरिंगचं बॅनर पण करून द्या ना दोन मिनिटांत. दोघांनाही सांगून थकले की मी ते चित्र काढायला वापरतच नाहीये, मी ते चुका काढायला वापरते. म्हणून एकदा सविस्तर लिहूनच टाकते.

मी नाशिकमध्ये एका मराठी शाळेत ड्रॉइंग टीचर. एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा, करून लागले, आठवी-नववीला शिकवते आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांची तयारी करून घेते. कॉम्प्युटर लॅबमध्ये एक प्रोजेक्टर आहे, तो आमच्या वाट्याला आला की माझ्या मोबाईलचं हॉटस्पॉट, माझंच अकाउंट, आणि मुलं सांगतात ते मी टाइप करते. मुलांच्या हातात देत नाही, एकतर वयाची अट असते आणि दुसरं म्हणजे एकदा हातात दिलं की पूर्ण वर्ग स्वतःचे सुपरहिरो बनवत बसतो, मग आवरा.

सुरुवात गोदाघाटापासून, म्हणजे आमच्या रामकुंडाच्या परिसरापासून केली. नाशिकचा गोदाघाट, सकाळची वेळ, जलरंगातलं चित्र, एवढंच लिहिलं. जे आलं ते बघून कोणीही वा म्हणेल, रंग काय, पाण्यातलं प्रतिबिंब काय. फक्त ते नाशिक नव्हतं, काशी होती! उंचच उंच पायऱ्या, बांबूच्या छत्र्या, ओळीने लाकडी नावा, पलीकडे वाळूचा रुंद पट्टा आणि देवळं सगळी गेरूच्या रंगाची. मागच्या बाकावरून लगेच आवाज, मॅडम हे आपलं रामकुंड नाहीये. म्हटलं कशावरून? तर म्हणे, नाहीये ना मॅडम, दिसतंय की. आता "दिसतंय की" हे काही उत्तर नाही झालं, काय दिसतंय ते सांग म्हटलं, तर गप्प. रोज त्या घाटावरून सायकल घेऊन जातो तो पोरगा, पण देवळाचा दगड काळा आहे हे त्याला शब्दात सांगता येईना.

तिथेच मला हे सगळं कशासाठी वापरायचं ते कळलं. एरवी मी मुलांना नीट बघा, निरीक्षण करा असं ओरडत असते आणि मुलं नीट बघितल्यासारखं करत असतात. पण समोर चुकीचं चित्र ठेवलं ना, की दुसऱ्याची चूक काढायला सगळे एका पायावर तयार.

मग त्याच चित्राच्या झेरॉक्स काढल्या, ब्लॅक अँड व्हाइट, आणि एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर वर्ग घेऊन गंगेवर गेले, नाशिकमध्ये आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. प्रत्येकाकडे एक झेरॉक्स, एक पॅड आणि लाल पेन. समोर बघायचं आणि कागदावर जे जे चुकलंय तिथे लाल गोल करून बाजूला लिहायचं. पहिली दहा मिनिटं नुसता दंगा. नंतर एकेक निघायला लागलं. दगड काळा आहे, बेसाल्ट, भूगोलाच्या सरांनी शिकवलेला तो हाच का मॅडम, हो बाबा हाच. पायऱ्या काशीसारख्या डोंगराएवढ्या नाहीत, ठेंगण्या आहेत. पात्र रुंद नाही, दगडी कुंडांमध्ये अडवलेलं पाणी आहे, एक कुंड संपलं की दुसरं. नारोशंकराच्या देवळाला भिंत आहे आणि समोर वरती ती मोठी घंटा, चित्रात घंटा नाही, भिंतही नाही. देऊळ १७४७ चं आहे हे मी सांगितलं, घंटा मात्र त्यांनीच शोधली. आणि एकीने लिहिलं की चित्रात एकही माणूस कपडे धूत नाही, एकही गाडी पार्क केलेली नाही, प्लास्टिकचा एक कॅन विकायला नाही. हे मला फार आवडलं, कारण रामकुंडाचं खरं चित्र काढायचं तर तीर्थ भरून न्यायचे ते प्लास्टिकचे कॅन आलेच पाहिजेत.

दुतोंड्या मारुतीचं तर विचारूच नका. दोन तोंडांचा मारुती म्हटल्यावर एआयने एका धडावर शेजारी शेजारी दोन डोकी बसवून दिली, रावणाचा धाकटा भाऊ असावा तसा. आपला मारुती पाण्यात उभा, दोन बाजूंना दोन तोंडं, आणि पुराचं पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला यावरून अख्खं नाशिक पूर मोजतं. आता हे कुठल्या फोटोखाली इंग्रजीत लिहिलेलं असणार?

आणि मुद्दा तोच आहे. मुलांनी विचारलं की मॅडम ह्याला काशीच का येते, तर मला जेवढं समजलंय तेवढं सांगितलं. उदाहरणच द्यायचं तर स्टेबल डिफ्यूजन नावाचं, शब्दांवरून चित्र बनवणारं मॉडेल २०२२ च्या ऑगस्टमध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, ते इंटरनेटवरून गोळा केलेल्या चित्रांवर आणि त्यांच्या सोबतच्या मजकुरावर शिकलं. तो जो लायन-५बी नावाचा मोठा साठा आहे त्यात जवळपास ५८५ कोटी चित्र-मजकूर जोड्या आहेत आणि हे मॉडेल शिकलं ते मुख्यतः त्यातल्या इंग्रजी मजकुराच्या भागांवर. भारतातला घाट म्हणून परदेशी पर्यटकाने फोटो कुठला टाकलेला असणार, काशीचाच. मग घाट म्हटलं की काशी.

चित्र तयार कसं होतं हे सांगायला मात्र वर्गाची भिंत कामाला आली. पावसाळ्यात आमच्या वर्गाच्या भिंतीला ओल येते, डाग पडतात, आणि मुलांना त्यात हत्ती दिसतो, म्हातारी दिसते, कधी मुख्याध्यापक पण दिसतात. हे मॉडेलसुद्धा आधी नुसत्या ठिपक्यांच्या गोंगाटापासून सुरू करतं आणि तुम्ही लिहिलेल्या शब्दांकडे बघत बघत थोडा थोडा गोंगाट पुसत जातं, हत्ती म्हणालात तर हत्तीच्या दिशेने. शिकवतानाच त्याला चांगल्या चित्रांवर गोंगाट टाकून तो कसा काढायचा याचा सराव दिलेला असतो. एकाने लगेच विचारलं, म्हणजे त्याला हत्ती माहिती नाही, फक्त डाग पुसता येतात? ह्या प्रश्नावर मी अजून विचार करतेय खरं सांगायचं तर.

मग मुलांना नादच लागला त्याला कात्रीत पकडायचा. मी एकदा घड्याळाचा प्रयोग दाखवला, चार वाजून वीस मिनिटं दाखवणारं घड्याळ काढ म्हटलं, आलं दहा वाजून दहा मिनिटांचं. परत सांगितलं, परत दहा-दहा. कारण घड्याळांच्या जाहिरातीत काटे बहुतेक दहा-दहावरच ठेवतात, कंपनीचं नाव झाकत नाही आणि घड्याळ हसल्यासारखं दिसतं, आणि ह्याने तेच फोटो ढिगाने बघितलेले. नवीन व्हर्जनमध्ये कधी कधी बरोबर येतं हेही सांगायला हवं. तसंच डाव्या हाताने लिहिणारी मुलगी मागितली तर उजव्याच हातात पेन. वर्गात एक डावखुरी आहे, ती इतका वेळ शांत बसलेली, एकदम म्हणाली, मॅडम हा आमच्या आजीकडे शिकला वाटतं!

सगळंच काही वाईट नाही हां. स्थिरचित्राला मला त्याचा खरंच उपयोग झाला. आमच्या वर्गात एकच ट्यूब चालते, त्यामुळे छाया-प्रकाश शिकवायचा तर कळशीवर उजेड सगळीकडून सारखाच पडतो. भांडी बाजारातून आणलेली तांब्याची कळशी आहे माझ्याकडे, तिचा फोटो टाकून उजेड डावीकडून, मग मागून, मग खालून असं करून घेतलं आणि मुलांना पहिल्यांदा समजलं की मागून उजेड आला की कड चमकते आणि पोट काळं पडतं. पण तिथेही गंमत बघा, दर वेळी उजेड बदलला की कळशीही थोडी बदलायची. गळा आखूड व्हायचा, काठ जाड व्हायचा, एकदा तर पोटावर ठोक्याचे गोल गोल ठसेच गायब, एकदम गुळगुळीत स्टील असल्यासारखी. तांबटाने हातोडीने ठोकलेल्या भांड्यावर उजेड तुकड्या-तुकड्याने पडतो, तेच तर काढायला अवघड असतं आणि तेच ह्याने साफ करून टाकलं. शेवटी खिडकीत कळशी ठेवली, दोन खिडक्यांना चार्ट पेपर लावला आणि मुलांना तिथे बसवलं.

ज्याचा राग येतो तेही लिहिते. मध्यंतरी एका चित्रकला स्पर्धेला परीक्षक म्हणून गेले होते, विषय सिंहस्थ, २०२७ जवळ येतंय तसे हे विषय आता सगळीकडे असणार. घरून काढून आणायचं होतं. एक पोस्टर इतकं सफाईदार की आजूबाजूची सगळी बिचारी वाटायला लागली. जवळ जाऊन बघितलं तर साधू प्रयागच्या वाळूत तंबू ठोकून बसलेले, आणि वर सिंहस्थ लिहिलंय त्यातला स्थ म्हणजे स आणि थ यांची कुस्ती, शिरोरेषा मध्येच तुटलेली. अक्षरलेखन शिकवणाऱ्या बाईला हे आधी दिसणारच. आयोजकांना सांगितलं तर ते म्हणे राहू द्या मॅडम, मुलाचा उत्साह आहे. पालक तर आणखी पुढे, म्हणे प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला द्यायची सूचना, तर पोरानेच लिहिलाय ना.

मुलाला बाजूला घेतलं, एक कोरा कागद दिला, म्हटलं तुला जे माहितीये ते काढ, रंग नको. पंचवटीतला पोरगा. त्याने आजीच्या घराचा ओटा काढला, मागच्या सिंहस्थाला २०१५ साली त्यांच्याकडे गावाकडची एवढी माणसं उतरली होती की ओट्यावर पण झोपायची, आजी अजून सांगते म्हणे. माणसं त्याला नीट जमली नाहीत, पाय कुठे आणि डोकं कुठे, पण ओट्याखाली चपलांचा ढीग काढला होता आणि त्यातली एकही जोडी जुळत नव्हती. मी त्याला बक्षीस नाही देऊ शकले, नियमात बसत नव्हतं. त्या पोस्टरलाही मी मार्क दिले नाहीत, आयोजकांचं तोंड वाकडं झालं तर झालं.

पालक मीटिंगला हमखास प्रश्न येतो, आता चित्रकला शिकून उपयोग काय? बरेच जण इंटरमिजिएटला बसवतात ते दहावीच्या वाढीव गुणांसाठी, ए ग्रेडला ७, बी ला ५, सी ला ३, हे मला चांगलं माहिती आहे आणि त्यात मला काही वाईट वाटत नाही, त्या निमित्ताने पोरगं ब्रश धरतं. पण त्या परीक्षेला मोबाईल चालत नाही हो. स्मरणचित्राचा पेपर समोर आला, भाजीबाजार किंवा एसटी स्टँड असं काही आलं, तर स्वतःच्या डोक्यात जेवढं असेल तेवढंच कागदावर येणार. म्हणून तयारीच्या बॅचला एआयचा रेफरन्स मी अजिबात देत नाही. सगळ्यांचा भाजीबाजार मग एकसारखा येतो, टोपल्या रंगीत, बाई हसरी, मागे सूर्य. आमच्याकडे बुधवारी गंगेवर बाजार भरतो, जा आणि तिथे अर्धा तास उभे राहा, सूर्याच्या जागी ताडपत्री दिसेल.

अजून एक गोष्ट मी वर्गात चालू देत नाही, कोणा चित्रकाराचं नाव टाकून त्याच्यासारखं काढ म्हणायचं. २०२५ च्या मार्चमध्ये ते जिबलीचं वेड आलं, एआयकडून आपला फोटो जपानच्या जिबली स्टुडिओच्या कार्टूनसारखा करून घ्यायचं, तेव्हा आमच्या स्टाफ ग्रुपवर अर्ध्या लोकांचे डीपी तसेच झाले होते, मुख्याध्यापकांचाही. हसले मी पण. पण शिवाजी तुपे सरांसारख्या माणसाने उन्हातान्हात बसून हे घाट रंगवले, त्यांच्यामुळे नाशिकच्या जलरंगाला नाव मिळालं, ती नजर तयार व्हायला जन्म जातो आणि आपण नाव टाइप करून ती मागायची, हे मला पटत नाही. कायद्याचं काय ते कोर्टात चालू आहे, माझ्या वर्गात माझा कायदा.

आता सगळ्यात मजेशीर म्हणजे द्राक्षं. दिंडोरीकडून येणारा एक मुलगा आहे, घरची बाग आहे, ड्रॉइंगमध्ये एकदम काठावर पास. नाशिकची द्राक्षबाग असं टाइप केलं तर आली ती युरोपातली, टेकडीवर गुडघ्याएवढ्या वेली, ओळीत, मागे बंगला. त्या दिवशी पहिल्यांदा तो वर्गात उभा राहून बोलला आणि थांबेचना. मॅडम मांडव कुठेय, तारा कुठेत, लोखंडी अँगल कुठेत. घड वरती पानांच्या बाहेर कसे, ते खाली लोंबतात, आपण बागेत शिरलो तर डोक्याला लागतात. हे खोड आहे का फांदी, ह्याला ओलांडाच नाही, खोडापासून आडवी जाणारी जाड फांदी हो, मग काडी निघाली कुठून? आणि पानं अशी पिवळी आहेत म्हणजे औषध मारलेलं नाही, घड मात्र एकदम एक्सपोर्टचे!

त्याच्या झेरॉक्सवर लाल गोल इतके झाले की खालचं चित्रच दिसेना, मग तो वैतागून म्हणाला मॅडम मीच काढतो. दोन तासांत काढलं. पर्स्पेक्टिव्ह बोंबललं आहे, मांडवाच्या तारा एका बिंदूत मिळायच्या सोडून तीन ठिकाणी गेल्यात, पण खोडापासून ओलांडा, ओलांड्यापासून काड्या, काडीला घड, सगळं जिथल्या तिथे. मी ए दिला आणि घरी दाखव म्हटलं. दुसऱ्या दिवशी चित्र परत घेऊन आला, वडिलांनी बघून सांगितलं होतं की एवढे घड एका वेलीवर ठेवले तर मणी फुगणार नाहीत, विरळणी कर. मग माझ्या टेबलाशी उभं राहून त्याने खोडरबरने बरेच घड काढून टाकले, आणि कुठले काढायचे, कुठले ठेवायचे हे मला समजावून सांगत होता.