टॅबवरून काढलेला गेम परत येतो कुठून?

मुलाच्या टॅबवरचा गेम आपण अनइन्स्टॉल करतो आणि दोन दिवसांनी तो पुन्हा तिथंच दिसतो. टॅब बिघडलेला नसतो. मुलाचा टॅब आपल्या फोनवरून सांभाळायला गुगलचं फॅमिली लिंक नावाचं ॲप असतं. त्यात एकदा मंजूर केलेलं ॲप मुलानं पुन्हा उतरवलं, तर पालकाला दुसऱ्यांदा विचारणा येत नाही. अपडेटलाही येत नाही. हे कळेपर्यंत मी नुसती काढाकाढीच करत होते. आमचा टॅब केज तालुक्यात गावी सासूबाईंजवळ असतो आणि माझा फोन लातुरात. दोन्हीकडून जे करून नीट बसलं, ते सांगते.

आधी टॅबच्या सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स' बघा. मुलाच्या खात्याशेजारी तुमचं जीमेल राहिलं असेल तर ते काढा. ते तिथं असेल, तर प्ले स्टोअरमध्ये वरच्या कोपऱ्यातला फोटो दाबून खातं बदलता येतं, आणि तुमच्या खात्यावर फॅमिली लिंकचे नियम लागत नाहीत. टॅबवर 'गेस्ट' किंवा दुसरा यूजर असेल तर तोही काढा. यूजर वाढवण्याची मुभा फॅमिली लिंकमधून बंद करता येते.

मग काढायचं ॲप. इथं क्रम महत्त्वाचा. सगळ्यात आधी वर्गणी तपासा, कारण ॲप काढलं म्हणून वर्गणी थांबत नाही. टॅबवर प्ले स्टोअरमध्ये 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' उघडा. पैसे प्ले स्टोअरला वळसा घालून थेट यूपीआयनं दिले असतील, तर ते तिथं दिसणार नाहीत. स्वतःच्या यूपीआय ॲपमधल्या 'ऑटोपे'त मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी, शोधून रद्द करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं 15,000 रुपयांपर्यंतच्या अशा वसुलीला दर वेळी पिन लागत नाही. कापण्याच्या 24 तास आधी सूचना येते, पण ती इतर मेसेजच्या गर्दीत दिसत नाही.

त्यानंतर टॅबवर सेटिंग्ज, ॲप्स, तो गेम, स्टोरेज असं जाऊन 'क्लिअर डेटा' करा. 32 जीबीच्या टॅबवर खरी जागा गेमच्या उतरवलेल्या फाइलीच खातात, आणि नुसतं ब्लॉक केल्यानं ती सुटत नाही. यात टॅबवरच साठवलेल्या लेव्हल्स जातात, तेव्हा मुलाला आधी सांगा. मग आपल्या फोनवर फॅमिली लिंकच्या 'ॲप लिमिट्स'मध्ये तो गेम निवडून 'ब्लॉक' करा. आवृत्तीनुसार हा पर्याय वेगळ्या पानावर असतो, नाव मात्र हेच. ब्लॉक केलेलं ॲप टॅबवर असूनही उघडत नाही. म्हणून परत येणाऱ्या गेमसाठी मी अनइन्स्टॉलपेक्षा ब्लॉकच पसंत करते. एकदाच आलेलं फालतू ॲप असेल तर सरळ अनइन्स्टॉल.

नव्या ॲपसाठी खरेदी-डाउनलोडच्या मंजुरीत 'ऑल कंटेंट' ठेवा. नाहीतर फुकटची ॲप्स न विचारता उतरतात. वयाची मर्यादा 3+, 7+, 12+ अशी लावता येते, पण टॅबवर आधीच असलेली ॲप्स ती काढत नाही. आणि ही मंजुरी फक्त प्ले स्टोअरपुरती आहे. टॅब बनवणाऱ्या कंपनीचं वेगळं स्टोअर असेल तर ते ब्लॉक करा. चुलतभावाच्या फोनवरून शेअर होऊन आलेली एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरशिवाय ॲप बसवायची फाइल, अडवायला 'अननोन सोर्सेस' बंद करा. कंपनीनं आधीच भरून दिलेल्या काही ॲप्सना अनइन्स्टॉलचं बटणच नसतं. तिथं 'डिसेबल' चालतं का पाहा.

यूट्यूब ब्लॉक केलं तरी क्रोममध्ये ते उघडतंच. क्रोमला 'फक्त मंजूर साइट्स'वर ठेवा आणि बाकीचे सगळे ब्राउझर ब्लॉक करा, कारण साइटची गाळणी फक्त क्रोमवर चालते. दीक्षा ॲप मात्र 'ऑलवेज अलाउड'मध्ये टाका. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड त्यातून उघडतात, आणि दिवसाची वेळ संपली म्हणून धड्याचा व्हिडिओ अडू नये. त्याची कॅमेऱ्याची परवानगी चालू आहे ना, तेही पाहा.

आपल्याकडची मोठी अडचण नेटची. इथून केलेला बदल टॅबला नेट मिळाल्यावरच पोचतो. गावात लाइट गेली, टॉवरही गेला, तर लातुरात मी ब्लॉक केलेलं तिथं तासन्‌तास चालू राहू शकतं. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांनाही हे आधी माहीत हवं. त्यांना फडावरून टॅब सांभाळता येतो, पण आजीआजोबांजवळच्या टॅबला रोज थोडा वेळ तरी हॉटस्पॉट मिळायला हवा.

उलट टॅब लॉक झाला आणि उघडून द्यायचा असेल, तर नेटची वाट बघायची गरज नाही. फॅमिली लिंकमध्ये 'पॅरेंट ॲक्सेस कोड' मिळतो आणि टॅबला नेट नसलं तरी तो चालतो. मी फोन करून "आई, आकडे लिहून घ्या" म्हणते आणि त्या लगेच टाकतात. कोड ठरावीक वेळानं बदलतो, त्यामुळे मुलानं तो ऐकला तरी दुसऱ्या दिवशी उपयोगाचा नाही. गुगलचा पासवर्ड मात्र फोनवर कधीही सांगू नका. तो मुलाला कळला, तर टॅबवरच सगळ्या मंजुऱ्या देता येतात.

सगळं झाल्यावर टॅब बंद करून चालू करा, नेट जोडा, आणि मुलाच्या खात्यातून प्ले स्टोअरमध्ये एखादा कधीच न घेतलेला फुकट गेम उतरवून बघा. तुमच्या फोनवर विचारणा आली नाही, तर पुन्हा 'अकाउंट्स'पासून तपासा.