पिंजऱ्यातलं पाचवं माकड

मी वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्रात डॉक्टर आहे. त्या दिवशी सकाळीच वस्तीतून पकडलेली माकडं पिंजऱ्यातून आली, सोबतच्या कागदावर फक्त "माकड, ५ नग" एवढंच, आणि गार्ड म्हणाले मॅडम पटकन तपासून सही द्या, अंधार पडायच्या आत जंगलात सोडायचीत.

चार तर आपली नेहमीचीच होती. बॉनेट मकाक, शेपूट अंगाहून लांब, डोक्याच्या मधल्या भोवऱ्यातून केस चहूकडे पसरलेले, टोपी घातल्यासारखे, म्हणून तर नाव बॉनेट, आणि शास्त्रीय नाव मकाका रेडिएटा, त्यातल्या रेडिएटाचा रोखही त्या पसरलेल्या केसांकडेच. पाचवा नर मात्र कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. शेपूट आखूड, डोक्यावर भोवरा नाही, कमरेखाली केसांना नारिंगी झाक, ढुंगण लालबुंद. हा ऱ्हीसस, मकाकचीच दुसरी जात! उत्तरेकडचा, याचा मूळ पट्टा साधारण तापी-गोदावरीपर्यंत, आणि आम्ही त्याच्या बरेच खाली.

गार्ड म्हणाले, अहो मॅडम माकड ते माकड. तसं बघायला गेलं तर नावाचा अर्थ तोच आहे. मकाक हा शब्द मूळचा आफ्रिकेतल्या काँगो भागातला, तिथल्या भाषेत काकू म्हणजे माकड आणि मा लावला की अनेकवचन, पोर्तुगीजांनी तो उचलून माकाको केला, फ्रेंचांनी माकाक, आणि शेवटी चिकटला कुणाला तर माकडांच्या अशा गटाला, जो जवळपास सगळा आशियातच राहतो. आफ्रिकेत यांची एकच जात आहे, बार्बरी, तीही पार उत्तरेला मोरोक्को-अल्जीरियात. (आपलं माकड मात्र संस्कृत मर्कटवरून आलंय, त्या शब्दाशी त्याचं नातं नाही.) पण एका नावाखाली वीसहून जास्त जाती आहेत आणि सोडताना नेमकी कुठली हे बघावंच लागतं. बॉनेट फक्त दक्षिण भारतात सापडतो, जगात दुसरीकडे कुठेच नाही, आणि ऱ्हीसस आधीच खाली सरकत त्याची जागा घेतोय. आपण गाडीत घालून त्याला अजून पुढे नेऊन सोडायचा म्हणजे काय!

एवढ्यात ड्रायव्हर म्हणाला, बघा कसा हसतोय. तो हसत नव्हता हो, मकाक ओठ मागे ओढून दात दाखवतो तेव्हा घाबरलेला असतो, मारू नका म्हणत असतो. मी सगळ्यांना मागे सरकवलं, पिंजऱ्यावर कापड टाकलं, डबल ग्लोव्हज आणि डोळ्यांना शील्ड लावली, कारण मकाकांत हर्पीस बी नावाचा व्हायरस असू शकतो, त्यांना फारसं काही होत नाही पण माणसाच्या मेंदूपर्यंत गेला तर जीव जाऊ शकतो. मग ब्लोपाइपने, म्हणजे फुंकून सुई मारायच्या नळीने, भूल दिली.

टेबलावर घेतल्यावर पोटात गोळाच आला. गळ्याभोवती केस गेलेला जुना वळ, दोरीचा, आणि वरचे दोन्ही सुळे मुळापासून काढलेले. कुणीतरी खेळासाठी किंवा घरात बांधून पाळलेला, मोठा झाल्यावर आवरेना म्हणून सोडून दिलेला असणार. मकाकांत मादी जन्मभर आईच्या टोळीत राहते, नर वयात आला की बाहेर पडून दुसऱ्या टोळीत शिरतो, तिथल्या नरांना तोंड देत. हा बिनसुळ्यांचा, आणि परक्या जातीच्या टोळीत? फाडलाच असता त्याला. मला अजूनही राग येतो त्या दात काढणाऱ्याचा.

सही मी चौघांच्याच कागदावर केली. गार्डसाहेब आधी वैतागले, पण गळ्यावरचा वळ दाखवल्यावर स्वतःच पंचनाम्यात पाचव्याची नोंद वेगळी लिहायला बसले. बॉनेट त्याच संध्याकाळी, जिथे पकडले त्याच्याच जवळच्या जंगलात गेले, एकत्र. ऱ्हीससची पापणीतली टीबीची टेस्ट केली, तीन दिवस रोज बघितली, सूज नाही, निगेटिव्ह.

आता तो आमच्याकडेच आहे. खातो, गालाच्या पिशव्या भरून घेतो, पण एकटा आहे आणि मकाकला एकटं ठेवणं हीसुद्धा शिक्षाच. ऱ्हीससची टोळी असलेल्या केंद्राशी बोलणं चालू आहे, वनविभागाची ट्रान्सफरची परवानगी आली की पाठवणार.