तेलासाठीच ना?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. तसं तुम्ही विचारत नाहीच, उत्तर खिशात घालून येता आणि माझ्याकडून फक्त शिक्का मारून घेता. "तुम्ही तर बसऱ्याला होतात. खरं सांगा, अमेरिका इराकमध्ये तेलासाठीच घुसली ना?" मी हो म्हणालो की तुम्ही खूश. नाही म्हणालो की तुमची नजर सांगते, हं, या गृहस्थांचा पगार कुठून येत होता ते कळलं.

तर आधी पगाराचं. तो त्याच तेलातून येत होता. दक्षिण इराकमधल्या बसऱ्याच्या पश्चिमेला, कुवेतच्या हद्दीपर्यंत पसरलेलं रुमैला नावाचं तेलक्षेत्र आहे. 1953 मध्ये सापडलेलं, जगातल्या सर्वांत मोठ्या क्षेत्रांपैकी एक. तिथे एका उपकंत्राटदाराकडे मी वॉटर इंजेक्शनच्या कामावर होतो. तेल उपसत गेलं की जमिनीच्या पोटातला दाब उतरतो. तो टिकवायला पाणी साफ करून खोल विहिरींतून खडकात दाबावं लागतं. हे काम मी पोटासाठी केलं. त्याची लाज बाळगायची असेल तर गाडीत पेट्रोल भरणाऱ्या सगळ्यांनी थोडीथोडी वाटून घ्यावी.

आता तुमचा लाडका 'छुपा हेतू'. ज्यांच्या नावावर युद्ध झालं ती महासंहारक अस्त्रं सापडली नाहीत, हे मी पुन्हा सांगत बसत नाही. पण छुपं नेमकं काय होतं? जानेवारी 1998 मध्ये रम्सफेल्ड (पुढे बुशचे संरक्षणमंत्री), वोल्फोवित्झ (पुढे त्यांचे उपमंत्री) आणि मंडळींनी तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटनना जाहीर पत्र लिहिलं की सद्दामला हटवा. त्याच वर्षी ऑक्टोबरात तसा कायदाही झाला. उपाध्यक्ष चेनींच्या ऊर्जा समितीकडे मार्च 2001 चा इराकी तेलक्षेत्रांचा नकाशा होता आणि तिथल्या कंत्राटांसाठी कोणकोणते परदेशी रांगेत आहेत त्याची यादी होती. ते कागद कोर्टकचेरी होऊन 2003 मध्ये बाहेर आले. सप्टेंबर 2002 मध्ये बुश लोकांसमोर बोलून गेले की याच माणसाने माझ्या वडिलांना मारायचा प्रयत्न केला होता. बगदाद पडल्यावर महिन्याभरात वोल्फोवित्झनी मुलाखतीत सांगून टाकलं की अस्त्रांचं कारण पुढे केलं, कारण सगळ्या खात्यांचं एकमत होईल असं तेवढंच होतं. लंडनमधल्या जुलै 2002 च्या बैठकीचं टिपण 2005 मध्ये छापून आलं. त्यात ब्रिटनचा गुप्तहेरप्रमुखच सांगतो की वॉशिंग्टनमध्ये धोरण आधी ठरलंय आणि माहिती त्याला बेतून बसवली जातेय.

म्हणजे तेल घ्या, सूड घ्या, इस्रायल घ्या, लोकशाही पेरण्याचं वेड घ्या, नाहीतर अकरा सप्टेंबरनंतर कुणालातरी बडवून दाखवायची खुमखुमी घ्या. हवा तो हेतू उचला, पुरावा तयार आहे. माझी अडचण पुराव्याच्या टंचाईची नाही, सुकाळाची आहे.

2003 चा मी असा नव्हतो. तेव्हा मी आखातातल्याच दुसऱ्या एका देशात नोकरीला होतो आणि मेसमधल्या टीव्हीसमोर तावातावाने सांगायचो, "तेल, तेल आणि तेल! बाकी सगळी रंगरंगोटी." त्या जुन्या 'मी'कडे दोन हुकमी पत्ते होते. एक, युद्धाच्या पहिल्याच रात्रीपासून सैन्य धावलं ते इराकच्या दक्षिण टोकाचं फाव द्वीपकल्प आणि रुमैलाच्या दिशेने. 1991 मध्ये कुवेतमध्ये सहाशेहून जास्त विहिरी जळल्या होत्या. या वेळी रुमैलात मोजून काही. दोन, एप्रिलमध्ये बगदादचं राष्ट्रीय संग्रहालय लुटलं जात होतं, जवळपास पंधरा हजार वस्तू गेल्या, आणि त्याच शहरात तेल मंत्रालयाला मात्र रणगाड्यांचा पहारा होता. त्या माणसाशी मी आजही भांडतो, आणि तो दर वेळी हरतोच असं नाही.

त्याला गप्प करायला मी गर्मत अलीचं उदाहरण काढतो. बसऱ्याच्या उत्तरेला नदीकाठी हे जलशुद्धीकरण केंद्र आहे. रुमैलात दाबायचं पाणी तिथून येतं. हे बंद पडलं की काही काळाने विहिरी धापा टाकायला लागतात, इतकं साधं गणित. 2003 मध्ये हे केंद्र अक्षरशः ओरबाडलं गेलं. मोटारी, तांब्याच्या तारा, पॅनल, जे उचलता येईल ते गेलं. पाइप गंजू नयेत म्हणून तिथे सोडियम डायक्रोमेट वापरायचे. ती विषारी केशरी भुकटी इतकी सांडली होती की पुढे पहाऱ्याला आलेल्या अमेरिकी नॅशनल गार्डच्या जवानांनीच आजारी पडल्याच्या तक्रारी करून ठेकेदार कंपनीवर दावे लावले. ज्याला तेल हवंय तो तेलाचा दाब धरणारं केंद्र असं वाऱ्यावर सोडतो का? आणि ते चालवणाऱ्या माणसांना घरी बसवतो का? 16 मे 2003 ला इराकचे अमेरिकी प्रशासक ब्रेमरसाहेबांचा पहिला हुकूम निघाला, सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार पायऱ्यांवरचे सगळे सरकारी नोकरीतून बाद. 23 मेला दुसरा, सैन्यच बरखास्त. पहिल्या हुकुमात जाणते इंजिनियरही गेले.

हा युक्तिवाद मला फार आवडायचा. इंजिनियरचा युक्तिवाद, त्यात भाषणबाजी नाही. तो मी एकदा चुकीच्या माणसासमोर केला.

आमच्याबरोबर इराकी सरकारी तेल कंपनीचे एक वयस्क इंजिनियर होते. नाव सांगत नाही, आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणायचो. गर्मत अलीतला कुठला व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला अर्धा आटा जास्त फिरवावा लागतो, हे त्या माणसाला झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. एकदा वाळूचं वादळ आलं. अशा वेळी काम बंद असतं. पोर्टाकेबिनच्या फटींना ओले टॉवेल लावायचे आणि चहा पीत बसायचं. बाहेर दुपारीच अंधार, त्यात लांबवर जळणाऱ्या गॅसच्या ज्वाळा तेवढ्या तांबूस दिसत होत्या. विषय निघाला, की मीच काढला. म्हणालो, उस्ताद, तुम्ही लोक उगाच अमेरिकेला हुशार समजता. योजना वगैरे काही नव्हती. योजना असती तर गर्मत अली लुटू दिलं असतं का?

ते हसले. म्हणाले, "म्हैस चोरायला आलेला माणूस गोठा झाडत बसत नाही."

मला चेव चढला. मी ब्रेमरचा एकोणचाळिसावा हुकूम काढला. सप्टेंबर 2003 चा. परदेशी कंपन्यांना इराकी धंद्यांत शंभर टक्के मालकी दिली, पण तेलउत्खनन त्यातून वगळलं. म्हणालो, चोराने म्हैसच सोडून दिली की! मग 30 जून 2009 चा लिलाव काढला, टीव्हीवर थेट दाखवलेला. आठ क्षेत्रं मांडली, सौदा एकाच क्षेत्राचा झाला: आपलं रुमैला. घेतलं कुणी? ब्रिटिश बीपी आणि चिनी सीएनपीसी. तेही मालकीने नाही; वाढीव उत्पादनाच्या पिंपामागे दोन डॉलर मजुरीवर. अमेरिकेच्या एक्सॉनने त्या भावात रुमैला नाकारलं. याला लूट म्हणायचं, उस्ताद?

त्यांनी ऐकून घेतलं. मग उठून कपाटातून एक फाइल आणली. निळा पुठ्ठा, कोपरे झिजलेले. आत बाथ-निर्मूलन समितीकडे केलेले अर्ज, प्रत्येकाची प्रत, प्रत्येकावर शिक्का. ते पक्षात 'फिरका' पायरीवर होते, हुकुमात सापडणाऱ्या चारांतली सर्वांत खालची. बढती हवी असेल तर तिथवर चढावंच लागायचं, असं त्यांनी सांगितलं. मी काही बोललो नाही. 2003 पासून ते घरी. घरच्या गच्चीवर बसून येतील त्या बातम्या ऐकायचे, आज अमुक मोटार गेली, आज तमुक. 2008 च्या नव्या कायद्याने त्या पायरीवाल्यांना परत घेतलं तेव्हा ते कामावर आले.

फाइलमध्ये मागे आणखी एक कागद होता. मृत्यूचा दाखला. धाकटा भाऊ, सैन्यात अधिकारी, दुसऱ्या हुकुमात नोकरी गेलेला. 2006 मध्ये बसऱ्यात मिलिशियांचं, म्हणजे सशस्त्र टोळ्यांचं, राज्य होतं आणि जुन्या राजवटीतल्या लोकांच्या नावांच्या याद्या फिरत होत्या. दारात गाडी थांबली, तोंड झाकलेली माणसं उतरली, एवढंच शेजाऱ्यांनी पाहिलं.

उस्तादांचा आवाज चढला नाही. इंग्रजी त्यांचं माझ्यापेक्षा साफ होतं. म्हणाले, "तू म्हणतोस योजना नव्हती. बरं. माझी आई विचारते, कशासाठी गेला? मी तिला सांगतो, तेलासाठी. तिला ते कळतं. तू म्हणतोस तसं सांगू का, की कशासाठीच नाही, कुणाच्या लक्षातच आलं नाही?"

मी चहाचा पेला धरून बसलो. वादळ संध्याकाळी ओसरलं आणि आम्ही पंप तपासायला गेलो. त्या विषयावर ते पुढे बरेच दिवस बोलले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे तुमचं मत बदललं. नाही. मुद्दा माझा अजूनही टिकतो असं मला वाटतं. माणसाला कटाचा बळी होणं परवडतं, बेफिकिरीचा बळी होणं परवडत नाही, म्हणून कट खरा ठरत नाही. रिचर्ड हास तेव्हा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात धोरणप्रमुख होते. त्यांनी नंतर सांगितलं की युद्धाचा निर्णय घेतला गेला नाही, तो होऊन गेला. कधी आणि कसा, हे सांगता येत नाही. मला हे कुठल्याही कटापेक्षा भयंकर वाटतं. फेब्रुवारी 2003 मध्ये लष्करप्रमुख शिनसेकी सांगत होते की ताबा ठेवायला काही लाख सैनिक लागतील. वोल्फोवित्झनी ते उडवून लावलं आणि पुढच्या महिन्यात काँग्रेसला सांगितलं की हा देश आपली पुनर्बांधणी स्वतःच्या पैशाने करू शकेल. कुणाच्या पैशाने? तेलाच्याच ना. बघा, मीही तिथेच आलो.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्या बाजूला एक भोक आहे. 2007 चा तेल कायदा. परदेशी कंपन्यांना दीर्घ मुदतीचे, सढळ करार देता येतील असा मसुदा बगदादच्या मंत्रिमंडळाने फेब्रुवारीत मंजूर केला, आणि तो संसदेत पास व्हावा म्हणून बुश सरकार हात धुऊन मागे लागलं होतं. इराकी सरकारच्या प्रगतीच्या कसोट्यांतच तो घातला होता. तो पास झाला नाही. त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्यांत बसऱ्याची तेल कामगार संघटना होती. जूनमध्ये तिने संप केला. म्हणजे 2009 ला कंपन्यांना दोन डॉलरवर यावं लागलं, ते अमेरिकेला तेल नको होतं म्हणून की इराक्यांनी दिलं नाही म्हणून? लिलावाचा दाखला मी इतकी वर्षं देत आलो, तो उलट्या बाजूनेही वाचता येतो.

अजून एक, तुम्हाला आवडणार नाही असं. 2003 च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनने आपल्याकडे सैन्य मागितलं होतं, सुमारे 17 हजारांची डिव्हिजन. 14 जुलैला वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय नाही म्हणून कळवलं. त्याआधीचे आपल्याकडचे लेख काढून वाचा: पुनर्बांधणीची कंत्राटं, महासत्तेशी जवळीक. दिल्लीच्या हेतूंबद्दल मला आजवर एकानेही विचारलेलं नाही.

उस्ताद आता निवृत्त आहेत, पण वाद निवृत्त नाही. एक्सॉन दुसऱ्या एका मोठ्या क्षेत्रातून, वेस्ट कुर्ना-1 मधून, बाहेर पडली आणि जानेवारी 2024 पासून तिथे पेट्रोचायना मुख्य कंत्राटदार झाली, तेव्हा मी त्यांना बातमी पाठवली. खाली लिहिलं, युद्ध कुणी लढलं आणि तेल कोण काढतंय बघा. त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: "आणि विकलेल्या तेलाचे डॉलर कुठे जमा होतात?"

ते जमा होतात न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत, 2003 पासून आजतागायत. जानेवारी 2020 मध्ये इराकी संसदेने अमेरिकी सैन्य घालवायचा ठराव केला, तेव्हा याच खात्याची वाट बंद करू अशी धमकी बगदादला मिळाली होती. खातं मुळात इराकचा पैसा जुन्या देणेकऱ्यांच्या जप्तीपासून वाचवायला उघडलं, असं मी त्यांना लिहायला घेतलं होतं. ते खरंही आहे. अजून पाठवलेलं नाही.