बॅकअप होता, हिशोबाची फाइल नव्हती

ऑफिसचा मुख्य कॉम्प्युटर सुरू केला तर आतून टक-टक आवाज. हार्ड डिस्कचं हेड (डेटा वाचणारा-लिहिणारा भाग) बिघडलं की असा आवाज येतो, हे मला नंतर समजलं. त्या वेळी मी तीन-चारदा बंद-चालू करून पाहिलं. नेमकं हेच करायचं नसतं, कारण बिघडलेलं हेड फिरत्या तबकडीला ओरखडे पाडतं आणि उरलासुरला डेटाही जातो.

तरी मी निर्धास्त होते. रोज रात्री एक प्रोग्रॅम बाहेरच्या ड्राइव्हवर बॅकअप घ्यायचा आणि सकाळी स्क्रीनवर ‘काम पूर्ण’ असं दिसायचं. ड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावला. पत्रव्यवहार, फोटो, दरपत्रकं सगळं जागेवर. बिलं आणि ग्राहकांची खाती असलेल्या डेटाबेसची शेवटची धड प्रत मात्र पाच महिन्यांपूर्वीची!

कारण कळलं तेव्हा हसावं की रडावं ते कळेना. ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. धंदा वाढला, डेटाबेस फुगला आणि एका रात्री ही मर्यादा ओलांडून गेला. तेव्हापासून प्रोग्रॅम लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या कामाच्या नोंदवहीत, इमानेइतबारे त्रुटी नोंदवत होता. लॉग उघडून बघायचं मला कधी सुचलंच नाही.

पुढचे तीन आठवडे छापील बिलांवरून नोंदी पुन्हा भरण्यात गेले. अकाउंटंटना ईमेलने पाठवलेल्या तिमाही फाइली सापडल्या म्हणून निभावलं.

त्या दिवसांत गिटलॅब या प्रोग्रॅमर लोकांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीची गोष्ट वाचली आणि जरा धीर आला. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका इंजिनिअरकडून चुकून चालू सर्व्हरचाच डेटाबेस पुसला गेला. रोजचा बॅकअप शोधायला गेले तर साठवणीची जागा रिकामी. बॅकअप घेणारं साधन डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचं असल्याने काम रोज फसत होतं, आणि तसं कळवणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. संगणकातले मुरलेले लोक जिथे फसले, तिथे माझी काय कथा.

नवी मांडणी करताना ३-२-१ हा नियम धरला. फोटोग्राफर पीटर क्रोग यांच्यामुळे तो लोकांपर्यंत पोचला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. माझे भागीदार म्हणाले, “क्लाउडवर फोल्डर आहे ना, मग अजून कशाला?” ते फोल्डर सिंक होतं. इथे फाइल पुसली की तिथेही पुसली जाते. रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फाइली अडकवणारा व्हायरस) इथल्या फाइली कुलूपबंद केल्या तर त्याच कुलूपबंद फाइली वर जाऊन बसतात. म्हणून जुन्या आवृत्त्या जपणारी वेगळी बॅकअप सेवा घेतली. पहिल्यांदा ३०० जीबी वर चढवायचे होते. १० एमबीपीएस वेगाने त्याला जवळजवळ तीन दिवस लागले. आता फक्त बदललेला भाग जातो, तो रात्रीत उरकतो. बाहेरचे ड्राइव्ह दोन आहेत, दोन्ही एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेले, त्यात मोठ्या फाइलीही बसतात. काम झालं की काढून ठेवायचे, कारण जोडलेला ड्राइव्ह रॅन्समवेअरलाही दिसतो. डेटाबेसची प्रत हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या बॅकअप सोयीनेच काढतो. चालू असलेली फाइल नुसती कॉपी केली तर अर्धवट नोंदी येऊ शकतात.

मग रंगीत तालीम: मुख्य मशीन गेलं असं समजून जुन्या लॅपटॉपवर सगळं उभं करायचं. पहिल्याच तालमीत आपटलो. ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेला (कुलूपबंद), आणि तो उघडायची ४८ अंकी रिकव्हरी की मी मोठ्या शहाणपणाने मुख्य मशीनवरच जपून ठेवली होती. ती आता कागदावर आहे, दोन ठिकाणी.

दर तिमाहीला तालीम होते. मागच्या वेळी पावणेतीन तास लागले. त्यातला पाऊण तास प्रिंटरचा ड्रायव्हर शोधण्यात गेला. आता तोही बॅकअपच्या फोल्डरमध्ये टाकलाय.