टायगर, मेरी रोझ आणि एक पाणबुडी: दक्षिण इंग्लंडमधली युद्धसंग्रहालयं

युद्धसंग्रहालय म्हटलं की कंपूतला एखादा जण उड्या मारतो आणि बाकीचे तोंड पाडून त्याच्या मागे फिरतात. आमच्यात उड्या मारणारा मी. बाकीच्यांना रणगाडे आणि तोफांमध्ये काडीचा रस नव्हता. गंमत म्हणजे फेरी संपल्यावर त्यांना सगळ्यात आवडलेली जागा आणि मला सगळ्यात आवडलेली जागा एकच निघाली, आणि तिथे एकही रणगाडा नव्हता. पण आधी रणगाड्यांकडे वळू.

बोव्हिंग्टनचं टँक म्युझियम डॉर्सेटमध्ये आहे. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून वेमथकडे जाणारी गाडी घ्यायची आणि वूल नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरायचं. अडीच तासांच्या आसपास लागतात. पुढे दोनेक मैलांचं अंतर राहतं. बसच्या भरवशावर राहू नका आणि स्टेशनबाहेर टॅक्सी उभी असेल असंही धरून चालू नका. आधी सांगून ठेवलेली बरी.

आत तीनशेच्या आसपास वाहनं आहेत, आणि हीच पहिली पंचाईत. विसाव्या रणगाड्यानंतर सगळे सारखेच दिसायला लागतात. पाट्या वाचत सुटलात तर दुपारपर्यंत डोकं भणभणतं. त्यापेक्षा मोजकेच नीट बघा. १९१५चा ‘लिटल विली’ बघा, कारण पुढच्या सगळ्या रणगाड्यांची सुरुवात या ओबडधोबड पेटीपासून झाली. मग पहिल्या महायुद्धातल्या मार्क मालिकेच्या गाड्यांपाशी थांबा आणि आतल्या माणसांचा विचार करा. मार्क-४मध्ये आठ जण, त्यांच्या मधोमध इंजिन, दोहोंमध्ये भिंत नाही. पारा ५० अंशांपर्यंत चढायचा, शिवाय धूर. एवढ्या आवाजात ओरडून काही ऐकू जायचं नाही, म्हणून इंजिनाच्या झाकणावर पाना आपटून मागच्या गिअरवाल्यांना इशारा द्यायचे. तिथल्या एका कपाटात चामड्याचा मुखवटा आहे. डोळ्यांच्या जागी पत्र्यातल्या बारीक चिरा आणि हनुवटीखाली लोखंडी कड्यांची झालर. बाहेरून गोळी आदळली की चिलखताच्या आतल्या बाजूने धातूचे कण उडायचे, त्यापासून चेहरा वाचवण्यासाठी ही सोय. त्या मुखवट्यासमोर मी कुठल्याही तोफेपेक्षा जास्त वेळ होतो.

आणि टायगर १३१. हा जर्मन रणगाडा एप्रिल १९४३मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागला. लोक समोर उभं राहून फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही जरा वाकून तोफेच्या नळीची खालची बाजू बघा. तिथे एक खरवडल्याची खूण दिसेल. ब्रिटिशांच्या चर्चिल रणगाड्यातून सुटलेला सहा पौंडी गोळा नळीला घासून खाली घसरला आणि बुरुजाच्या, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागाच्या, कड्यात रुतला. बुरूज फिरेना, तेव्हा आतले सैनिक रणगाडा टाकून निघून गेले. पन्नास टनांहून जड धूड एका रुतलेल्या गोळ्याने अडवलं. चिलखताची जाडी आणि अश्वशक्तीचे आकडे पाटीवर मिळतात, ही खूण मात्र स्वतःच शोधावी लागते.

पोर्ट्समथ सोपं आहे. हार्बर स्टेशनवर उतरलात की ऐतिहासिक गोदीचं फाटक अगदी जवळ. ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचं ‘व्हिक्टरी’ जहाज हे सगळ्यांचं आकर्षण, पण त्याच्यावर बरीच वर्षं चालणारं मोठं दुरुस्तीचं काम सुरू आहे. डोलकाठ्या आणि शिडांच्या दोऱ्यांसकट पूर्ण जहाजाचा फोटो हवा असेल तर निराश व्हाल. आत मात्र जाता येतं आणि जावंच. उंच माणसांनी डोकं सांभाळावं, खालच्या मजल्यांवर ताठ उभं राहता येत नाही.

आम्हा सगळ्यांना पटलेली जागा म्हणजे शेजारचं मेरी रोझ संग्रहालय. इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचं ‘मेरी रोझ’ हे जहाज १९ जुलै १५४५ रोजी सोलंटच्या समुद्रात, फ्रेंच आरमाराशी लढाई चालू असताना बुडालं. जहाजावर सुमारे पाचशे माणसं होती, त्यातली पस्तीससुद्धा वाचली नाहीत. शत्रूने डेकवर उड्या मारू नयेत म्हणून वर जाळी ताणलेली होती, तिच्याखालीच लोक अडकले. १९८२मध्ये उरलेला सांगाडा वर काढला आणि पुढे अनेक वर्षं त्यावर आधी पाण्याचे, मग मेणासारख्या रसायनाचे फवारे मारत राहिले. लाकूड एकदम वाळलं असतं तर आक्रसून तडकलं असतं.

या संग्रहालयाची मांडणी फार हुशारीने केली आहे. एका बाजूला जहाजाची शिल्लक राहिलेली अर्धी बाजू, समोर तेवढ्याच लांबीचं दालन, आणि जहाजात ज्या मजल्यावर जी वस्तू होती ती समोर त्याच मजल्यावर. तोफा तोफांच्या जागी, भांडी भांड्यांच्या जागी. दालनांच्या टोकांना एकेका माणसाची कपाटं: सुताराची हत्यारं, शल्यवैद्याची पेटी, धनुर्धाऱ्यांची लांब धनुष्यं. काही सांगाड्यांच्या खांद्यांच्या हाडांत लहानपणापासून जड धनुष्य ओढल्याच्या खुणा असाव्यात, असं अभ्यासकांचं मत आहे. उवा काढायच्या फण्या ढिगाने आहेत. सुताराच्या खोलीजवळ सापडलेल्या लहान कुत्र्याचा सांगाडाही आहे, आणि ज्यांना युद्धाचा कंटाळा त्यांची गर्दी तिथेच सगळ्यात जास्त. आत उजेड मंद आणि हवा गार असते, पातळ जाकीट जवळ ठेवा. तीन तास राखून ठेवा आणि त्यानंतर लगेच दुसरं काही ठेवू नका.

खाडीपलीकडे गॉस्पोर्टला पाणबुडी संग्रहालय आहे. नेहमीच्या फेरीबोटीने पलीकडे जाऊन पंधरा-वीस मिनिटं चालत गेलं तरी चालतं. गोदीच्या एकत्रित तिकिटात कुठल्या कुठल्या जागा येतात ते घेण्याआधी वाचा, त्यात बदल होत असतात. इथली ‘अलायन्स’ पाणबुडी १९४५ची. आत साठहून जास्त माणसं राहायची आणि पुढच्या भागात टॉर्पेडोंच्या शेजारीच झोपायची. वाटाडे बहुतेक पाणबुडीवर नोकरी केलेले. त्यांना बॅटरी आणि इंजिनाबद्दल विचाराल तर पाठ असलेलं उत्तर मिळेल. ‘तुमची झोपायची जागा कशी होती?’ असं विचारा. आमच्या वाटाड्या काकांनी एका अरुंद फळीवर हात ठेवला आणि कूस बदलायची तर आधी शेजाऱ्याला हलवावं लागायचं, हे साभिनय करून दाखवलं. गोल दारांतून पाय उचलून जावं लागतं. गुडघ्यांचा त्रास असेल किंवा कोंडल्यासारखं होत असेल तर बाहेरूनच बघा, त्यात कमीपणा नाही.

लंडनचं इम्पीरियल वॉर म्युझियम सगळ्यांनाच ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात. कायमची दालनं फुकट. दारातल्या दोन १५ इंची नौदलाच्या तोफांचे फोटो सगळे काढतात. आत दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन व्ही-२ रॉकेट उभं आहे. ते आवाजाहून वेगवान होतं, त्यामुळे आधी स्फोट व्हायचा आणि येण्याचा आवाज नंतर ऐकू यायचा. ते बनवताना मेलेले छळछावणीतले कैदी, त्याच्या माऱ्यात मेलेल्यांपेक्षा जास्त होते असं मानलं जातं. ही माहिती डोक्यात ठेवून त्या रॉकेटकडे बघा. होलोकॉस्टची, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराची, दालनं चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी नाहीत असं संग्रहालयच सुचवतं. माझ्या मते मोठ्यांनीही ती सकाळी, ताज्या डोक्याने बघावीत. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धाची दालनं एकाच दिवशी उरकण्याचा मोह टाळा.

क्रम निवडता येत असेल तर आधी लंडन, मग पोर्ट्समथ, शेवटी बोव्हिंग्टन. मुक्काम पोर्ट्समथमध्ये वाढवा, लंडनमध्ये नाही. आणि टायगर चालताना बघायचाच असेल तर बोव्हिंग्टनचा ‘टायगर डे’ गाठावा लागेल. त्याची तिकिटं लवकर संपतात. त्या दिवशी इंजिन ऐकायला मिळतं, पण गर्दीत ती नळीखालची खूण काही धड बघता येत नाही. मला विचाराल तर शाळांना सुट्टी नसलेला एखादा आडवार बरा.