बेळगावहून गोव्याला बँड नेताय? जांबोटीचा रस्ता टाळा

रविवारी रात्री परतलो. मान अजून वळत नाही, तरी लिहून टाकतो, कारण दोन आठवड्यांनी ओळखीतला आणखी एक बँड याच वाटेने निघतोय. भावांनो, बेळगावहून गोव्याला जांबोटीमार्गे जाऊ नका. बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल.

आम्ही पाच जण, सगळी गाणी मराठी आणि स्वतःची. मी बेस गिटार वाजवतो, आणि कुणालाच नको असतो म्हणून हिशेबही माझ्याकडे. गुरुवारी कोल्हापूर, शुक्रवारी बेळगाव, शनिवारी म्हापशाजवळ एका उघड्या अंगणात कार्यक्रम. गाडी टेम्पो ट्रॅव्हलर. ड्रमसेट उचलून दोन जिने चढता येतो आणि सोल्डरिंग (तुटलेली वायर डाग देऊन जोडणं) जमतं, हे गृहीत धरतोय. जमत नसेल तर अजून घराबाहेर पडू नका.

कोल्हापूरबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सगळं वेळेवर झालं, पैसे मिळाले, जेवण उत्तम. सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामामुळे वळणं खूप आहेत, तासभर जास्त धरा. बस.

बेळगावात पहिला दणका. फोनवर शब्द होते, ‘ड्रमसेट आहे, काळजी करू नका.’ सेट होता. स्नेअर (कडकडणारा मुख्य ड्रम) नव्हता, सिम्बल (धातूच्या थाळ्या) नव्हत्या, किकचं म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं पेडलही नव्हतं. रिकामी पातेली मांडल्यासारखे चार ड्रम. या तीन गोष्टी ड्रमर आपल्याच आणतो हा जुना रिवाज आहे आणि आमच्याकडे होत्या, म्हणून वाचलो. ‘सेट आहे’ यावर विश्वास ठेवू नका, फोटो मागवा.

पण माणसं! साठेक असतील. आमचं शेवटच्या एसटीवरचं एक गाणं आहे. पुण्यात ते चार कडव्यांचं होतं. कोल्हापुरात तिसऱ्या कडव्याला लोक मोबाइल काढताना दिसले, म्हणून निपाणीच्या आसपास गाडीतच ते कडवं कापलं आणि ध्रुवपद एक ओळ आधी आणलं. बेळगावात दुसऱ्या वेळेला लोक ध्रुवपद आमच्याबरोबर म्हणत होते. कार्यक्रम संपल्यावर एक मुलगा आला, ‘दादा, ते एस्टीचं परत एकदा म्हणा की ओ.’ म्हटलं. कोलकात्यात फॉसिल्स हा बँड १९९८ पासून बंगालीत रॉक गातायत आणि लोकांना ती गाणी तोंडपाठ आहेत. आपल्याकडे पहिली फर्माईश अजून हिंदी सिनेमाची येते. बेळगावात एकही आली नाही. रात्रभर झोप लागली नाही, आनंदाने. त्या आनंदातच दुसऱ्या दिवशी रस्त्याबद्दल कुणाचंही ऐकून घेतलं, ही माझी चूक.

गाडीमालकाने फोनवर सांगितलं, ‘जांबोटी, चोर्ला, साखळी. अडीच तास.’ नकाशाही साधारण तेच म्हणत होता. दुपारी एकला निघालो. जांबोटीपर्यंत ठीक. तिथून कणकुंबीपर्यंत रस्ता असा नाहीच. खड्डा, खडी, लाल धूळ, मग ट्रकमागे थांबा, मग पुन्हा खड्डा. पंधरा-वीस किलोमीटरना आम्हाला दोन तास लागले. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, बघण्यासारखा असेलही. आम्ही त्या गावात रस्त्याकडेला अ‍ॅम्पचं मागचं झाकण उघडून बसलो होतो, कारण आतून काच किणकिणल्याचा आवाज यायला लागला होता.

गिटारचा ट्यूब अ‍ॅम्प, म्हणजे काचेच्या नळ्यांवर (ट्यूबवर) चालणारा, गिटारचा आवाज मोठा करणारा खोका. चारपैकी एक ट्यूब सॉकेटमधून सुटून शेजारणीवर आपटत होती. ट्यूबच्या टोकाला आतून चांदीसारखा मुलामा असतो; तो दुधासारखा पांढरा पडला की समजायचं, काच तडकून आत हवा शिरली. ही पांढरी पडली होती. गिटारिस्ट ती हातात धरून बराच वेळ बसला. कुणी काही बोललं नाही.

ट्यूब काढून सॉक्समध्ये गुंडाळून मांडीवर घ्यायच्या. अ‍ॅम्प झोपवून नाही, उभा, दोन गाद्यांमध्ये. हे निघण्याआधी करा, कणकुंबीत नाही.

म्हापशाला साडेसात वाजले. साउंडचेक (कार्यक्रमाआधी आवाज जुळवून बघणं) गेलाच. गिटार अ‍ॅम्पशिवाय, आवाज बदलणाऱ्या पेडलमधून थेट मिक्सरला जोडली, आवाज डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखा. आमच्या आधीचं आटोपून माइक हातात येईस्तोवर सव्वानऊ झाले. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत ते स्पष्ट आहे, आणि दहाला पाच कमी असताना मालकाने खुणेनेच गळा कापून दाखवला. मध्ये वीसेक मिनिटं वायर शोधण्यात गेली. चार गाणी झाली. एसटीचं शेवटी ठेवलं होतं, ते राहिलं.

परतताना आंबोलीवरून आलो. चाळीसेक किलोमीटर जास्त, पण अ‍ॅम्प असेल तर हाच रस्ता. तिसरा रस्ता अनमोड घाटाचा, त्याने गेलो नाही, त्यामुळे मत नाही.

आता भाडं. ‘किलोमीटरला २७’ एवढंच ऐकून हो म्हणू नका. दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात. चार दिवसांचे १,२०० झाले, गाडी पळाली ९८०. न पळालेल्या २२० किलोमीटरचे ५,९४० रुपये आम्ही भरले. वर ड्रायव्हरचा भत्ता (तो द्यायलाच हवा, माणूस चांगला होता), टोल आणि ‘बॉर्डर टॅक्स’. ऑल इंडिया परमिट (सगळ्या राज्यांत चालणारा परवाना) आहे असं आधी सांगितलं होतं, मग हा टॅक्स कशाचा, विचारलं तर पावती नाही. परमिटचा फोटो आणि टॅक्सचं उत्तर बुकिंगच्या वेळीच व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. चार दिवसांत तीन कार्यक्रम बसवताना एक दिवस बेळगावात नुसता बसून काढायचा असेल तर गाडी सोडून द्या, स्वस्त पडतं.

सगळं वजा जाता प्रत्येकाच्या हातात ४१० रुपये आले. बिलाच्या तळाशी पेनाने एक ओळ वाढवलेली होती: ‘गाडी धुणे, लाल माती, ५००.’